जेवणाच्या खोलीत उकिरडा

दवनीवाडा,
१७ फेब्रुवारी २००८

चि. योगेश्वरीस,
मोठ्या आईचा आशीर्वाद.

तुझं पाकीट मी जेवता जेवता फोडलं, ही माझीच चूक. मला वाटलं, पुण्याला गेल्यावर पोरीने स्वतःचे चार चांगले फोटो काढून घेतले असतील, कुठे स्थळाला दाखवायला कामी येतील. आणि निघालं काय? हिरवी लव आलेली पोळी. फुटलेल्या दुधाच्या पिवळ्या गाठी. तिसऱ्या फोटोत वरण होतं की आणखी काय होतं देव जाणे. वर पांढरे बुडबुडे आणि त्यात एक अळी मान वर करून बघते आहे, जणू तिलाही फोटो काढून घ्यायचा होता. मी नुकतंच भातावर वरण घेतलं होतं. ते तसंच राहिलं. तुझे मोठे बाबा म्हणाले, "काऊन वं, जेवत काऊन नाही?" मी फोटो त्यांच्या हातात दिला. मग तेही उठले.

लोकांच्या घरातलं फेकलेलं अन्न हा म्हणे तुझ्या शिक्षणाचा विषय. माझ्या दिराने एवढ्यासाठी पोरीला पुण्याला धाडलं का? आणि वर मलाच विचारतेस, की मोठी आई, तुमच्या घरात रोज काय वाया जातं ते कळव. काही जात नाही. लिहून घे. सालं गाईला, भाताची पेज म्हशीला, शिळी पोळी कुत्र्याला, उरलंसुरलं उकिरड्यावर, आणि वर्ष भरलं की उकिरडा शेतात. पुण्याच्या लोकांसारखं आम्ही पिशवीला गाठ मारून सडवत ठेवत नाही.

आता कामाचं. टिकेशचं जमलं. मुलगी देवरीच्या पलीकडची, अगदी जंगलाच्या कडेची. नाव दुर्गा, डी.एड. झालेली. वडील केशोराव लाकडाच्या डेपोवर कारकून होते. आपल्याच समाजाचे, पण इतकी वर्षं जंगलात राहून जरा तिकडचेच झालेले. मुलगी मात्र नाकीडोळी नीटस आणि बोलायला कमी, म्हणजे सून म्हणून बरी. लग्न अक्षय तृतीयेला त्यांच्याकडे. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे गावजेवण. गोंदियाचा फोटोवाला नवरीला दुधात बुडवून काढल्यासारखी करतो, म्हणून फोटो तू काढायचे. पण माणसांचे. पोळीला बुरशी आली तर तिला माझा नमस्कार सांग आणि तिथेच सोडून ये.

तुझी,
मोठी आई (जमुना)

---

पुणे,
४ मार्च २००८

ती. मोठ्या आईस,
सा. न.

तुला जेवणावरून उठावं लागलं हे वाचून वाईट वाटलं आणि, खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. म्हणजे फोटो लागू पडतात.

मला किळस येत नाही असं समजू नकोस. आमच्या इमारतीतल्या बिऱ्हाडांचे कचऱ्याचे डबे मी रोज सकाळी जुन्या चादरीवर ओतून बघते. नाकाला फडकं असतं, हातात मोजे असतात, तरी पहिल्या आठवड्यात जिन्यावरच ओकले. डब्यासकट फेकलेला पुलाव. न सोललेली संत्री, आपल्याच बाजूची. गणपतीचे मोदक, कोणी खायचे म्हणून फ्रिजमध्ये मागे सारलेले आणि महिन्यांनी सापडलेले. त्यांना हात लावला की आतून पाणी येतं. आणि ज्यांच्या घरचं हे, ती माणसं मलाच नाक मुरडतात. घाण केली त्यांनी, घाणेरडी मी.

हे सगळं शहराबाहेरच्या एका गावाशेजारी नेऊन टाकतात. मी तिथे गेले. कचऱ्याची टेकडी आहे. आतून धुमसते, आणि तिच्या पोटातून काळं पाणी झिरपत विहिरींत उतरतं. तिथल्या एका बाईने मला गाळून, झाकून ठेवलेलं पाणी दिलं. मला ते पिता आलं नाही. पेला परत घेताना तिने माझ्याकडे जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून ठरवलं, की हे फोटो नुसते अभ्यासासाठी नाहीत, यांचं प्रदर्शन भरवायचं. लोकांना त्यांच्याच डब्यात नाक खुपसायला लावायचं.

लग्नाला येते. माणसांचे फोटो काढते, शब्द देते. पण "आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून" हे काही खरं नाही, मोठी आई. तुझ्या उकिरड्याची ख्याती ऐकली. त्यालाही भेटून जाईन म्हणते.

तुझी,
योगेश्वरी

---

दवनीवाडा,
२६ मे २००८

चि. योगेश्वरीस,
आशीर्वाद.

लग्नाचे फोटो अजून आले नाहीत. आल्यावर त्यात माणसं किती आणि खरकटी ताटं किती, हे मी आधीच सांगू शकते. नवरी उंबरठ्यावरचं माप ओलांडत होती तेव्हा तू भांडी घासतात तिथे पालथी पडली होतीस. शेजारच्या नंदाबाईने चारचौघींत विचारलं, "जमुनाबाई, तुमची पुण्याची पोरगी उकिरड्यावर काऊन बसून राहिली जी? काही हरपलं का तिचं?" मी म्हटलं, हो, अक्कल.

गावजेवण मात्र असं झालं की दहा गावांत नाव निघालं. पळसाच्या पत्रावळी मी नकोच म्हटलं. थर्माकोलची ताटं, प्लॅस्टिकचे पेले, गोंदियाचा केटरर. लोकांनी ताटं भरभरून घेतली आणि अर्धी टाकली, त्याला मी काय करू? वाढणाऱ्याचा हात आखडला असता तर याच लोकांनी नावं ठेवली असती. केटररच्या माणसांनी मात्र दगा दिला. सगळं उष्टं, ताटांसकट, आपल्या शेताजवळच्या बोडीत लोटून गेले. आता बोडीच्या पाण्यावर साय धरली आहे, पिवळी, जाड. मासोळ्या पोटं वर करून तरंगतात. म्हशी काठापर्यंत जातात आणि फुसकारून मागे फिरतात. तुझे मोठे बाबा काल म्हणाले, "तुया मोठेपणाचा वास येऊन राहिला." मी त्यांच्याशी बोलणं टाकलं आहे.

दुर्गा चांगली निघाली. पहाटे उठते, उलट बोलत नाही. तिच्या माहेरून दुरडी भरून खाऊ आला होता. आपल्या पद्धतीप्रमाणे तो गावात घरोघरी वाटला. तिच्या आईने, अनुसयाबाईने, मुद्दाम निरोप धाडून विचारलं, की लोकांना आवडला का? मी कळवलं, बोटं चाटली लोकांनी.

फोटो लवकर धाड. टिकेशचं नाक कापलं गेलं असेल तर तो फोटो धाडू नकोस.

मोठी आई

---

पुणे,
३ जुलै २००८

ती. मोठ्या आईस,
सा. न.

फोटो सोबत आहेत. मोजून बघ, माणसंच जास्त निघतील. टिकेशदादाचं नाक शाबूत आहे. दुर्गावहिनीचा ओसरीतला एकटीचा फोटो मला स्वतःला फार आवडला, तो तिला दे.

बोडीचं वाचून मात्र अंगावर काटा आला. मी तिचे फोटो काढले नाहीत याची चुटपुट लागली आहे. केटररला काय बोलतेस? ताटं कोणाच्या दारची होती?

आता माझ्या फोटोबद्दल सांगते. गावजेवणाच्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, मी गोठ्यामागे गेले होते. तुझ्या उकिरड्यावर एक बांबूची नवीकोरी दुरडी कलंडलेली. तिच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. आणि शेणात लोळलेले लाडू, काळेकुट्ट. मी आधी शेणाचेच गोळे समजले. जवळ गेले तर आंबूस-गोड वास आला. काही फुटलेले, त्यांत मुंग्या. एकावर कुत्र्याच्या दातांचे ठसे. वरून कोवळं ऊन. ओकारी दाबून मी फोटो काढत राहिले. या वर्षातला माझा हा सगळ्यात चांगला फोटो आहे, असं आमचे सरही म्हणतात. इतकं शुभ आणि इतकं सडकं एका जागी त्यांनी पाहिलं नव्हतं.

ते लाडू कोणाचे होते गं? केटररचे? इतके सडेपर्यंत कोणी ठेवले?

तुझी,
योगेश्वरी

---

दवनीवाडा,
२४ जुलै २००८

चि. योगेश्वरीस,
आशीर्वाद.

फोटो पोचले. चांगले आहेत. दुर्गाचा तिला दिला.

तो दुरडीचा फोटो फाडून टाक. कॅमेऱ्यात, कॉम्प्युटरात जिथे असेल तिथून पूस. हो, केटररचेच लाडू ते. उन्हाने नासले, फेकले. नासलेलं काय मांडवात मांडायचं होतं? उकिरड्यावर पडलेल्या हळदीकुंकवाचा फोटो काढला की घरातली लक्ष्मी त्याच वाटेने बाहेर जाते, असं माझी सासू म्हणायची. तू शिकलेली आहेस, तुला हसू येईल. हस, पण फाड. माझं एवढं ऐक.

इथे धानाची रोवणी सुरू आहे. कमरेचा काटा ढिला झाला. त्यात अखाडीच्या सणाला दुर्गा माहेरी गेली होती, ती परत आली ती डोक्याएवढी दुरडी घेऊन. झाकण काढलं आणि तोच वास. मोहाचे लाडू! ज्या फुलांची दारू काढतात, त्या फुलांचे लाडू करतात गं ही माणसं. चिकट, काळे, हाताला डिंकासारखे लागणारे. माझ्या माहेरी मोहाचा वास म्हणजे पिऊन ओसरीत ओकून पडलेला माझा मामा. त्याच्यावर राख टाकायचं काम माझ्याकडे असायचं. त्या वासाला मी आता गोड म्हणू? आणि हे शेजारणींच्या हातावर ठेवू? "पाटलीणबाईच्या व्याह्यानं दारूचा खाऊ धाडला" म्हणून वर्षभर चघळतील बाया.

अनुसयाबाईचा निरोप असा, की मागच्या वेळी तुमच्या गावाले आवडले म्हणून या वेळी दुप्पट केले. दुरडी मी माळ्यावर चढवून ठेवली. दुर्गा दर दोन दिवसांनी विचारते, "आई, वाटाचे ना जी?" मी म्हणते, रोवणी आटपू दे.

फोटो फाडल्याचं उलट टपाली कळव.

मोठी आई

---

पुणे,
१४ सप्टेंबर २००८

ती. मोठ्या आईस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. फोटो फाडणार नाही, मोठी आई.

तुझ्या पत्राने मला राग आला, हे लपवत नाही. बोडीतल्या मासोळ्या मेल्या तेव्हा लक्ष्मी कुठे गेली नाही. मी एक फोटो काढला तर जाते? फेकताना कोणाला काही वाटत नाही, दाखवलं की मात्र सगळ्यांचा देवधर्म जागा होतो. पुण्यातले लोकही हेच म्हणतात, जरा गुळगुळीत भाषेत.

प्रदर्शन ऑक्टोबरात आहे. आधी पुण्यात, नंतर नागपुरात. आणि निमंत्रणपत्रिकेवर तुझ्या उकिरड्याचाच फोटो घेतला आहे. खाली छापलं आहे: "सडलेलं शुभकार्य. दवनीवाडा, २००८". घराण्याचं नाव कुठेही नाही, तेव्हा काळजी करू नकोस.

पत्रिका घरी पाठवते. तुझ्या नावाची तू उघडणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून एक वेगळी दुर्गावहिनीच्या नावाने टाकते आहे. ती शिकलेली आहे, तिला कळेल.

तुझी,
योगेश्वरी

---

दवनीवाडा,
९ नोव्हेंबर २००८

योगेश्वरी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

कळलं तिला. तू म्हणालीस तसंच झालं, चांगलं कळलं. पोस्टमन आला तेव्हा मी धान कापायला शेतावर होते. परत आले तर सून चुलीपुढे तुझी पत्रिका मांडीवर घेऊन बसलेली. चूल विझलेली. मला म्हणाली, "आई, हे दुरडी कोनाची होय?" मी म्हटलं, केटररची. ती म्हणाली, "हे लाडू मी मायसंग बसून वळले. मले ओळखू नाही येनार?"

 मग ती उठली, शिडी लावली आणि माळ्यावरून अखाडीची दुरडी खाली आणली. मी विसरले होते गं. खरंच विसरले होते. रोवणी, मग निंदण, मग कापणी. तिने चुलीपुढेच झाकण काढलं. आत काय होतं ते तुला सांगायला नको, तुझा धंदाच तो आहे. हिरवी-काळी बुरशी, वर जाळी, आणि खाली सगळं वळवळतं. वास असा सुटला की गोठ्यातलं वासरू ओरडायला लागलं. ती बाजूला झाली नाही, तिने नाकाला पदरही लावला नाही. नुसती बघत बसली. मला तिथेच भडभडून उलटी झाली. ती तिने पुसली. त्याचाच मला जास्त राग आला.

दिवाळीला माहेरी गेली ती परतली नाही. टिकेश दोनदा आणायला गेला. "मायचे गुडघे दुखतेत, थांबतो," म्हणते. पोरगा घरात भुतासारखा फिरतो.

तुझ्या फोटोने माझं घर मोडलं. हे लिहून ठेव आणि तुझ्या प्रदर्शनात लाव. मी काय करायचं होतं? लग्नघरी पाहुण्यांपुढे दारूच्या फुलांचे लाडू मांडून हसं करून घ्यायचं होतं? दुसऱ्याच्या दारी काय केलं असतं कोणी? सगळ्याच सासवांच्या उकिरड्यावर असलं काही ना काही असतं. तिथे कॅमेरा घेऊन कोणी बसत नाही एवढंच.

जमुना

---

देवरी,
२३ नोव्हेंबर २००८

ती. योगेश्वरीताई यांस,
नमस्कार.

आपली ओळख लग्नातल्या दोन दिवसांची. तरी लिहिते आहे, कारण हे दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही.

तुमच्या फोटोखाली "सडलेलं" असं छापलं आहे. ते चूक आहे. ते लाडू सडलेले नव्हते, ताई. मोहाच्या लाडवाचा रंगच तसा असतो. तुम्ही फोटो काढला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी ते सोबत घेऊन आले होते. चैत्रात पहाटे फुलं पडतात. माय ती वेचते, प्रत्येक फुलातली केसरं काढते, वाळवते, भाजते, तिळासोबत कुटते. आमच्या शेजारच्या गोंड बायांनी तिला शिकवलं. लग्नघरात माणसं झोपायची आणि ती उखळापाशी बसायची, कारण तिच्या हाताशिवाय दुसऱ्याच्या हातचे तिला पटत नव्हते. तुम्हाला ते शेणाचे गोळे वाटले असतील. तसं असेल तर माझा तुमच्यावरही राग आहे. सासूबाईंनी वासाने फेकले आणि तुम्ही रंगाने सडवले.

मायला मी काही सांगितलेलं नाही. दवनीवाड्याच्या लोकांनी बोटं चाटली, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगते. बाबांनाही सांगितलं नाही. गुडघ्यांचं निमित्त किती दिवस पुरेल?

मला संसार मोडायचा नाही. हे माणूस म्हणून वाईट नाहीत. पण त्या घरात मी हाताने ताट वाढावं आणि सासूबाईंनी जेवावं, जणू काही झालंच नाही, हे माझ्याने होत नाही. मला त्यांची माफीही नको. माफी त्या एकदा मागतील, आणि मग वर्षभर मला ऐकवतील.

म्हणून एक मागणं आहे. तो फोटो मोठा करून, काच लावून, दवनीवाड्याला सासूबाईंच्या नावाने पाठवा. खाली काही लिहू नका. घरातले सगळे जिथे जेवायला बसतात, त्या भिंतीवर तो लागला, की मी येईन. हे त्यांनाही तुम्हीच कळवा. मी तोंडाने सांगितलं तर भांडण होईल.

तुमची वहिनी,
दुर्गा

---

पुणे,
७ डिसेंबर २००८

ती. मोठी आई,

सोबतच्या पार्सलमध्ये काय आहे ते तुला कळलंच असेल. दुर्गावहिनीचं म्हणणं असं: जेवणाच्या खोलीत हा फोटो लाव, ती त्या दिवशी निघून येईल. एवढंच. माफी नको म्हणते.

नागपूरच्या प्रदर्शनात मी खालचे शब्द बदलले. आता तिथे "मोहाचे ताजे लाडू" असं आहे. लोक येतात, वाचतात, आणि आधीपेक्षा जास्त तोंडं वाकडी करतात. एका बाईंनी विचारलं, "ताजे? मग फेकले कशाला?" 

तुझी किळस आली, मोठी आई, आणि माझी तुझ्याहून जास्त. वर्षभर लोकांच्या डब्यात हात घातले आणि समजत होते की मला बघता येतं. समोर ताजं अन्न पडलं होतं, त्याला मी सडकं म्हणून छापलं, आणि तेच कौतुकाने तिच्या हातात ठेवलं. तू वासाला भ्यायलीस. मी कशाला भ्याले ते मला अजून कळत नाही.

खिळा ठोकायचा की नाही, ते तू ठरव.

योगेश्वरी

---

दवनीवाडा,
१५ फेब्रुवारी २००९

चि. योगेश्वरीस,
आशीर्वाद.

पार्सल आलं तेव्हा मी ते गोणपाटात गुंडाळून भुशाच्या कोठीत टाकलं होतं. म्हटलं, जिवंत आहे तोवर हे भिंतीवर चढणार नाही. सासू मी आहे. अट घालणारी ती कोण? महिना गेला. टिकेशने रागावून जेवण सोडलं असतं तर मला भांडता आलं असतं. पण तो गुमान जेवायचा, ताट स्वतः धुवायचा आणि उठून जायचा. शेवटी एक दिवस तुझ्या मोठ्या बाबांनी कोठीतून फोटो काढून आणला. मी आडवी आले. ते म्हणाले, "खिळा मी ठोकून राहिलो. तुले पाहाचं तं पाहा, नाही तं डोळे मिट. पोराचा संसार मी उकिरड्यावर नाही टाकू देत." बेचाळीस वर्षांत हा माणूस माझ्याशी असा बोलला नव्हता.

दुर्गा संक्रांतीनंतर आली. मला वाटलं होतं एकटी येईल. पण पोरगी इतके दिवस माहेरी राहिली म्हणून तिचे आईवडील पोचवायला सोबत आले. जेवायला नाही म्हणायची सोय नव्हती. त्याच खोलीत पाट मांडले, समोर भिंतीवर तुझा फोटो. केवढा मोठा केलास गं तो! एकेक मुंगी दिसते. कुत्र्याची लाळ दिसते.

अनुसयाबाई पहिला घास हातात घेऊनच थांबल्या, डोळे बारीक करून भिंतीकडे बघत. "हे का बाई! जेवाच्या खोलीत असली घाण? कोनाच्या घरचं होय हे?"

 तुझे मोठे बाबा ताटात बघत होते. टिकेश पाण्याचा तांब्या उचलून बाहेर गेला.  मी दुर्गाकडे पाहिलं, आणि मला कळलं की आता ही एका वाक्यात मला सोलून ठेवू शकते, आणि तिचा तो हक्क आहे.

ती वरण वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "पुण्याचं होय, माय. योगेश्वरीताईनं काढला. शहरातले लोक अन्न कसं फेकतेत ते दाखवाले."

"आगं बाई, दुरडीसकट? हात कसे नाही झडले त्याइचे!" अनुसयाबाईंनी तोंडावर पदर घेतला. मग माझ्याकडे वळून हसल्या. "आमच्या व्याहीनबाईच्या घरी तं एक कण वाया जात नाही. म्हनून तं मले इथं पोरगी देल्याचं समाधान आहे." आणि पिशवीतून डबा काढून माझ्या ताटात लाडू ठेवला. "तुमाले आवडते म्हनून आनले जी."

केशोराव बराच वेळ फोटोकडे बघत राहिले होते. मग त्यांनी भातात मान घातली, ती जेवण होईतो वर केली नाही. त्यांना कळलं असं मला वाटतं. 

मी लाडू खाल्ला. आवडला असं लिहिलं तर खोटं होईल. तोंडात घातला तर तोच वास, तोच मामा, पोटातून सगळं वर आलं. पण ती बाई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, लहान मूल परीक्षेच्या निकालाकडे बघतं तशी. गिळला. तिने लगेच दुसरा ठेवला. तोही गिळला.  मला इतकी किळस आयुष्यात आली नाही, पोरी, आणि त्यात लाडवाचा वाटा थोडाच होता.

त्यांची गाडी गेल्यावर मी स्टूल घेऊन आत गेले. म्हटलं, सून आली, व्याही जेवून गेले, अट संपली. फोटोला हात घातला तर मागून दुर्गा म्हणाली, "राहू द्या, आई. मायले नाही दिसलं ते बरं झालं. तुमाले दिसलं पाहिजे."

रागाने नाही म्हणाली. मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली.

घरात आता सगळं सुरळीत आहे. टिकेश हसतो-बोलतो. ती माझे पायही चेपते. बोडी उपसून घेतली, ताटं मात्र अजून गाळातून निघतातच. जेवायच्या वेळी मी माझा पाट फिरवून घेते, त्या भिंतीकडे पाठ येईल असा.  दुर्गा पाटाला हातही लावत नाही. माझं ताट तेवढं पलीकडच्या बाजूला, फोटोखाली आणून ठेवते, आणि मी वळेपर्यंत वाढत नाही.

तुझी,
मोठी आई